सांजेला उतरणारा काटा

गाडीत शेकडो पुर्जे असतात, पण मालकाच्या सगळ्यात जास्त शिव्या खातो तो डिझेलचा काटा. इंजिन बसलं तर माणूस हताश होतो, टायर फुटला तर नशिबाला बोल लावतो. काटा चुकला की मात्र त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी फसवलं. या 'कोणीतरी'मध्ये पंपवाला येतो, ड्रायव्हर येतो, शेजारी येतो आणि शेवटी मिस्तरी तर येतोच.

नंदुरबारला धुळे रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आता बंद केलंय. गाडीखाली सरपटत जायचं तर गुडघे ऐकत नाहीत, आणि डॅशबोर्डच्या मागची लाल वायर कोणती नि नारिंगी कोणती हे डोळे सांगत नाहीत. हॉर्न, स्टार्टर, डायनामो, दिवे, सगळी कामं मी केली. पण लोकांनी ओळखलं ते 'काटावाला मिस्तरी' म्हणून. आमच्या रनाळे गावात अजूनही कोणी नवी गाडी घेतली की पेढा हातावर ठेवायच्या आधी म्हणतो, "मिस्तरी, काटा दखी ल्या जरासा." आता नव्या गाडीत काटाच नसतो, आकडे असतात. पुढे किती किलोमीटर जाल तेसुद्धा गाडीच सांगते. मी आपला चष्मा पुसतो, आकडे बघतो आणि पेढा खातो.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसाच एक फुगा गाडीच्या टाकीत असतो. आम्ही त्याला फ्लोट म्हणतो. डिझेल वर आलं की फ्लोट वर, डिझेल उतरलं की फ्लोट खाली. त्याच्या दांड्याचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं. टाकी भरलेली असली की विजेला त्या गुंडाळीतून जाणं सोपं, मग पुढे मीटरमधला काटा वर चढतो. टाकी रिकामी असली की जाणं अवघड, काटा खाली बसतो. मीटरमधून निघालेली वीज टाकीपर्यंत येते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. एवढंच शास्त्र आहे. यावर माझा प्रपंच चालला.

तपासायची रीतही सोपी. टाकीवरची वायर काढायची आणि चावी चालू ठेवून ती गाडीच्या कोऱ्या लोखंडाला लावायची. काटा चढत चढत 'फुल'वर गेला तर मीटर चांगलं, वायर चांगली; दोष टाकीत. नाही गेला तर टाकीला हात लावू नका, पुढे शोधा. जुन्या मीटरचा काटा सावकाश चढतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. घाईच्या माणसाने या धंद्यात पडू नये. मी घाईचाच होतो, बायको अजून म्हणते. पण काट्यासमोर मला धीर धरावा लागला आणि तेवढाच माझ्या स्वभावाला वळण लावणारा मास्तर भेटला.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. तळोद्याचे एक गुरुजी होते. त्यांचा काटा अर्ध्यावर अडकला होता आणि गुरुजी गावभर सांगत सुटले होते की अशी मायलेज देणारी गाडी खानदेशात दुसरी नाही. एके दिवशी सासुरवाडीच्या वाटेवर गाडी कोरडी ठण्ण झाली. मी फ्लोट मोकळा करून दिला. महिनाभराने गुरुजी चिडून आले, "तुम्ही हात लावल्यापासून गाडी डिझेल प्यायला लागली!" त्यांना समजावण्यात माझी दुपार गेली, आणि समजले असं मला आजही वाटत नाही.

पहाडातल्या जीपवाल्यांचं वेगळंच. धडगावच्या घाटात चढाला डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला जातं, उताराला पुढे येतं, त्यामुळे काटा नाचत राहतो. म्हणून ते लोक काट्याकडे बघतच नाहीत. बांबूची कामटी टाकीत बुडवतात, ओल कुठवर आली ते बघतात आणि निघतात. एकाचा काटा पाऊण टाकीच्या खाली उतरेना म्हणून मी टाकी उघडली, तर आत तुटलेल्या कामट्यांचे तुकडे फ्लोटच्या दांड्याखाली टेकू देऊन बसलेले. मी ते ओळीने मांडून दाखवले. त्याने त्यातला एक उचलला, निरखला आणि म्हणाला, "ही मन्ही नही, मन्हा भाऊनी शे."

मणिबेलीकडून नर्मदेच्या काठचा एक जण आला होता. त्याचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली. त्याने बोटीला जुन्या जीपची टाकी बसवली होती आणि तिचा पितळी फ्लोट थैलीत घालून, आधी बोट आणि मग जीप असा प्रवास करून माझ्याकडे आला. फ्लोटला सुईएवढं भोक पडून आत डिझेल भरलं होतं. मी तो सुकवून, डाग देऊन, पाण्याच्या बादलीत टाकून दाखवला. तो तरंगताना बघून त्या माणसाला जो आनंद झाला तो मला पुढे कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर दिसला नाही.

पण आज मला सांगायचंय ते रूपसिंगचं. तो माझ्या मनातून जात नाही.

तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे, नरोत्तमबापूंची शेती आहे. गुजर घराणं, केळी, ऊस, कापूस. बापूंना शेतीपेक्षा गाड्यांचं वेड. त्यांची एक प्रवासी जीप शहादा ते धडगाव अशी चालायची आणि तिच्यावर ड्रायव्हर होता रूपसिंग. पहाडातला पावरा आदिवासी माणूस, धडगावच्याही वरच्या पाड्यावरचा. बोलणं कमी, काम चोख. रात्री जीप बापूंच्या खळ्यात उभी राहायची आणि रूपसिंग तिथल्याच खोलीत झोपायचा. सणाला घरी जायचा. बापूंच्या घरचं लग्न असो की दवाखाना, 'रूपसिंगले बलाव' हा पहिला शब्द. अशी ती वर्षं होती.

मग एका दसऱ्यानंतर बिनसलं. बापूंना दिसायला लागलं की संध्याकाळी जीप परत येते तेव्हा काटा हवा त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यांनी विचारलं, रूपसिंग म्हणाला, "माले काय माहीत, बापू. कामटी टाकीन दखा." दुसऱ्या सकाळी कामटी टाकली तर डिझेल पुरेसं होतं, आणि काटाही वर. एखाद्याला वाटेल, इथे विषय संपला. पण एकदा संशय शिरला की माणसाची अक्कल त्याचीच चाकरी करते. बापूंनी हिशेब असा लावला की रूपसिंग दिवसा पहाडात पिठाच्या गिरणीवाल्याला डिझेल विकतो आणि आपण हटकलं की घाबरून रात्रीतून कुठूनतरी आणून परत टाकतो. चोरी केलेला माल रोज रात्री परत आणून ठेवणारा चोर मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांनी शहाद्याला दोन ठिकाणी काटा तपासून घेतला. दोघांनीही भरदुपारी बघितला, दोघांनीही सांगितलं, काटा बरोबर आहे. झालं. काटा खरा तर माणूस खोटा. बापू स्वतः एका गाडीने धडगावला गेले आणि स्टँडवर, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या ड्रायव्हरांसमोर आणि सवाऱ्यांसमोर म्हणाले, "हाऊ मन्हं डिझेल चोरस." रूपसिंगने तिथेच याहामोगी मातेची शपथ घेतली. पहाडातला माणूस देवमोगऱ्याच्या या आईची शपथ उगाच घेत नाही. बापूंनी ती कानाआड केली.

जीपवाल्याचं नाव म्हणजे काय, ते सपाटीवरच्या लोकांना सांगायला हवं. वरच्या पाड्यांवरचे लोक त्याच्या हाती औषधं मागवतात, सावकाराला निरोप पाठवतात, आश्रमशाळेतली पोरगी एकटी घरी पाठवतात. जीप कोणाचीही असो, विश्वास ड्रायव्हरवर असतो. रूपसिंगचं तेच गेलं. लोक त्याच्या जीपमध्ये बसायचे, पण हातात काही द्यायचे नाहीत. तरीही तो रोज गाडीवर येत होता. बापूंनीही त्याला काढलं नव्हतं, कारण त्यांना चोर रंगेहाथ पकडायचा होता. मला हे कळलं तेव्हा रूपसिंगचाच राग आला होता. एवढं ऐकून घेऊन माणूस त्याच दारात कसा राहतो, असं वाटलं.

एके दुपारी दोघं जीप घेऊन माझ्या दुकानी आले. बापू पांढरी टोपी सारखी करत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मिस्तरी, तुम्हना शबुद शेवटना. काटा बरोबर शे अशे तुम्ही सांगं, की आज मी याले पोलिसमा देस."

रूपसिंग जीपच्या पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याला चहा पुढे केला तर म्हणाला, "पहिले गाडी दखा, दादा."

मी वायर काढून चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावली. काटा सावकाश 'फुल'वर गेला. मीटर चांगलं. वायर मोकळी सोडली, काटा तळाला गेला. तेही बरोबर. टाकीवरचं युनिट, म्हणजे फ्लोट नि गुंडाळी, बाहेर काढलं, दांडा हाताने वरखाली केला, काटा बरोबर मागे मागे येत होता. फ्लोट कानाशी हलवून बघितला, आत थेंब नाही. गुंडाळी साफ, कुठे तुटलेली नाही. युनिट परत बसवलं, कामटी टाकली, कामटी आणि काटा एकच सांगत होते. सगळं शंभर नंबरी. इतर वेळी असं काम झालं की मी शिट्टी वाजवतो. त्या दिवशी मी पाना खाली ठेवलाच नाही.

बापू उठून जवळ आले. "मंग?"

"थांबा, बापू. अजून बघतो."

"काय दखतस आते? दोन जणस्नी सांगं, तुम्ही बी तेच सांगशात. सांजले काटा खाले राहस, सकायले वर! रातले हाऊ आनीसन टाकस. दुसरं काय राही?"

"बापू, काटा खाली असतो तो नेमका कधी बघता तुम्ही?"

"सांगं ना, सांजले. गाडी खयामा उनी की मी सोता दखस."

मी मीटर पुन्हा उघडलं, मागची पिन साफ केली, जागच्या जागी बसवली. खरं सांगतो, काही सापडेल म्हणून नाही; 'बरोबर आहे' हे दोन शब्द उच्चारायचे टाळत होतो. मी बाहेरून खिडकीतून आत वाकून मीटरवर डोळे लावून होतो, चावी चालू होती, काटा अर्ध्याच्या वर छान उभा होता. बाहेर ऊन उतरलं. शेजारच्या किराणावाल्याने बल्ब लावला. जीप दुकानाच्या दाराला लागूनच होती; मीही मागे हात करून दुकानाचं बटण दाबलं आणि सवयीने हात जोडले.

दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे, ही आपल्याकडची रीत. घरात देवापुढे, दुकानात गल्ल्यापुढे, आणि ड्रायव्हर लोक गाडीपुढे. संध्याकाळी गाडीचे दिवे लावले की स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावतात. रूपसिंग पायरीवरून उठला, दुसऱ्या बाजूने आत हात घालून त्याने जीपचे दिवे लावले आणि स्टीअरिंगला हात लावून डोळे मिटले. पोलिसाचं नाव काढलेलं, उद्याचा भरवसा नाही, तरी त्याने गाडीची दिवाबत्ती चुकवली नाही.

आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा खाली बसायला लागला.

मी ओरडलोच, "रूपसिंग, दिवे बंद कर!" तो दचकला. दिवे बंद केले. काटा हळूहळू वर. "लाव." काटा खाली. "बंद." वर. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मी बापूंना हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "हे बटण तुमचं. तुम्हीच दाबा."

बापूंनी दाबलं. काटा बसला. बंद केलं, उठला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा बंद केलं. मोठ्या माणसाला इतका वेळ एकाच बटणाशी खेळताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी ते पुटपुटले, "मी रोज सांजले गाडीनी दिवाबत्ती करस. दिवा लावस, हात जोडस, मंग काटा दखस."

असा तो सगळा प्रकार. रोज संध्याकाळी बापू देवाला जोडावेत तसे हात जोडायचे आणि हात खाली येताच रूपसिंगला चोर ठरवायचे. सकाळी दिवे नसायचे, काटा खरं सांगायचा. दुपारी तपासणाऱ्याला दिवे लावायचं कारणच नव्हतं.

मी गाडीखाली गेलो. दसऱ्याला बापूंनी जीपच्या मागच्या बॉडीचं काम करून घेतलं होतं, वर नवा रंग. बॉडीवाल्याने मागच्या दिव्यांची आणि टाकीच्या युनिटची अशा दोन्ही अर्थच्या वायरी एकाच बोल्टाखाली घेतल्या होत्या आणि बोल्टाच्या खाली होता जाड तेलरंगाचा थर. बोल्ट लोखंडाला धड टेकतच नव्हता. दिवसा काट्याची थोडीशी वीज त्या अरुंद वाटेने कशीबशी परत जायची. दिवे लागले की मागच्या दिव्यांची सगळी वीज त्याच वाटेवर लोटायची आणि काट्याच्या विजेला जागा उरायची नाही. मी रंग खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत घासलं, टाकीला वेगळी वायर टाकून चेसीला पक्की केली. मग दिवे लावले. काटा जागचा हलला नाही.

हे काम मुंगीएवढं. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं.

बापू जीपमधून उतरले, टोपी काढली, परत घातली. "चाल रूपसिंग," ते म्हणाले, "घर चाल. जेवानं टाइम व्हयना." आवाज पहिल्यासारखा मायेचा होता. त्यांच्या बाजूने प्रकरण मिटलं होतं.

रूपसिंग हलला नाही. "बापू, धडगावना स्टँडवर जे बोलनात, ते?"

"अरे सांगसु ना. कव्हय तरी जासु तव्हय सांगसु."

"सकाय बाजार शे."

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी हातातला पाना पुसायला लागलो. मोठ्या माणसाने मदत मागितली की मिस्तरीने पाना पुसावा, हे मी धंद्यात शिकलो होतो. मग बापू म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही बी चला. लोके इचारतीन काय बिघाड व्हता, माले सांगता नही येवाव."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वर गेलो. शहाद्याहून सवाऱ्या भरल्या, बापू पुढे, मी मागे एका आजीच्या कोंबड्यांच्या टोपलीला पाय लावून. घाटात सागाची पानगळ चालली होती. इतकी वर्षं या रस्त्यावरच्या जीपा मी दुरुस्त केल्या, पण रस्ता क्वचितच बघितला होता. एकेका वळणावर रूपसिंग हॉर्न वाजवून समोरच्याला आधी जाऊ देत होता. कामाचा माणूस कसा ओळखायचा तर त्याचा हात बघावा. त्याचा हात गिअरवर असा पडायचा की गाडीला कळायचंही नाही.

धडगावच्या स्टँडवर बाजाराची गर्दी. टोपल्या, मिरच्या, कोंबड्या, जीपांच्या टपावर चढणारी माणसं. रूपसिंगने गाडी नेहमीच्या जागी लावली आणि इंजिन बंद करून खाली उभा राहिला. तो कोणाला बोलवायला गेला नाही. बापूच पायरीवर चढले. सुरुवात त्यांनी सभेत बोलतात तशा शुद्ध मराठीत केली, "मित्रहो, माझ्याकडून एक गैरसमज..." आणि अडकले. घसा खाकरला. मग आपल्या बोलीत म्हणाले, "दखा भाऊ, रूपसिंगनी डिझेल चोरं नही. गाडीनी वायर खराब व्हती. मी याच जागावर याले चोर म्हनं. चूक मन्ही शे, याची नही."

एका ड्रायव्हरने ते पावरी बोलीत मोठ्याने सांगितलं. लोक जवळ आले. मी दिवे लावून-बंद करून आता काटा हलत नाही ते दाखवलं, बोल्ट आणि रंग समजावला, त्यातलं किती कोणाला कळलं देव जाणे. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून विचारलं, "मंग दिवाच डिझेल पेत व्हता का?" सगळे हसले, बापूही हसले. एक-दोघांनी रूपसिंगच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो. माझी छाती फुगली होती, ते लपवत नाही. वायर जोडून माणूस जोडला, असं काहीतरी मनात आलं आणि आता घरी जाऊन बायकोला काय काय सांगायचं ते मी ठरवूही लागलो.

गर्दी पांगली तसा रूपसिंग बापूंसमोर येऊन उभा राहिला. "बापू, आते मी सुटनू."

"कसाथिन?"

"गाडीवरथिन. दुसरा ड्रायव्हर दखा."

बापूंना कळेना. "अरे, सगळास्ना मोर्हे सांगं ना मी? आखो काय पाहिजे तुले?"

"काहीच नको. तुम्ही सांगं, बरं व्हयनं." रूपसिंगच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला ऐकवेना. "माले त्याच दिनले जावानं व्हतं, बापू. तव्हय गया असतू तर लोके म्हनता, चोर व्हता म्हनीन पयना. म्हनीन थांबनू."

मी त्याच्यावर मनातल्या मनात रागावलो होतो ना, एवढं ऐकून हा त्याच दारात कसा राहतो म्हणून. त्याचं उत्तर मला असं, भर बाजारात, कोंबड्यांच्या कलकलाटात मिळालं. तो रोज त्या खळ्यात झोपत होता, रोज संध्याकाळी बापूंना काटा बघू देत होता, ते फक्त डोकं वर करून निघून जाता यावं म्हणून. मी काटा दुरुस्त केला नसता तर रूपसिंग त्या गाडीवर राहिला असता. केला, म्हणून गेला. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, पण त्या क्षणी जीपच्या आड तोंड फिरवावंसं वाटलं, आणि मी फिरवलंही.

बापू पायरीवर बसले. केळीचे मळे, ऊस, गाड्या, एवढं सगळं असलेला माणूस इतका एकटा दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं, "मन्हा घर काय कमी व्हतं रे तुले?"

"काहीच कमी नव्हतं," रूपसिंग म्हणाला. "म्हनीनच जास."

रूपसिंगने किल्ली खिशातून काढली. मला वाटलं, आता ती बापूंच्या हातात देईल आणि आपल्या पाड्याच्या वाटेला लागेल. त्याचं घर तिथून जवळ होतं. खाली येऊन त्याला पुन्हा वर चढावं लागणार होतं. पण त्याने पुढचं दार उघडलं, सीटवरची धूळ फडक्याने झटकली आणि बापूंना हाताचा आधार दिला.

"बसा. घाट उतरताना तुमले चक्कर येस. तुमले नि गाडीले घर सोडस, मंग जास."

सवाऱ्यांसाठी त्याने हाक दिली नाही. आम्ही तिघंच होतो, मागची बाकं रिकामी. बापू खिडकीबाहेर बघत होते आणि रूपसिंग रस्त्याकडे. त्याने घाट इतका सावकाश उतरवला, की मागून येणाऱ्या सगळ्या जीपा हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेल्या.